नानांच्या नावाची घागर

धुळ्यात, आमच्या देवपूरच्या रस्त्याकडेला घागरींची रास लागली की मी रस्त्याची बाजू बदलतो. ओळखीचे लोक हसतात. एवढा बाप्या, सिनेमात घरंदारं उभी करणारा, पुरस्कार घेऊन आलेला, आणि मडक्यांना घाबरतो म्हणे. घाबरतोच. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कुंभारीण घागरीवर टिचकी मारून गिऱ्हाइकाला आवाज ऐकवते तेव्हा मी उगाचच समोरच्या पानाच्या टपरीवरच्या पाट्या वाचत चालू लागतो.

चैत्र उतरला की खानदेशात आकाशाचा रंग जातो. निळा नाही, पांढरा नाही, धुतलेल्या धोतराला जुनाट पिवळेपणा येतो तसा काहीतरी. माझा धंदा रंगाचा, तरी हा रंग मला कधी पत्र्यावर मिसळता आला नाही. दुपारी वाऱ्याला धार येते. यावल-फैजपूरकडच्या केळीच्या बागांमध्ये तो शिरला की पानं फाटतात, आणि त्या फाटण्याचा आवाज लांबून ऐकला तर कुणीतरी कापड टरकावतंय असं वाटतं. पुढे मी त्या बागांत एका सिनेमाचं काम केलं तेव्हा दिग्दर्शकाला तो आवाज फार आवडला होता. मला नाही आवडला. तो आवाज सुरू झाला की मागोमाग अखाजी येते.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्राला त्या दिवशी सोनं आठवतं. आमच्याकडे मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि सकाळी प्रत्येक घरात मेलेल्या माणसांसाठी घागर भरली जाते. नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर आंबा किंवा खरबूज. चुलीतल्या विस्तवात पुरणपोळीचा, आमरसाचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. घागर भरताना नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो येतो आणि पाणी पितो. उन्हाचे दिवस, मेलेल्यांनाही तहान लागत असणार, एवढी साधी समजूत. लहानपणी मला ती फार प्रेमळ वाटायची. झोक्यावरून उतरून मी घागरीत डोकावून बघायचो, पाणी कमी झालं का म्हणून. कमी झालेलं असायचंच, कारण नवी घागर झिरपते.

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगतोय तो कोरड्या सालाचा होता. शिंदखेड्याच्या पुढे एका खेड्यात आमचं शूटिंग चाललं होतं. कलादिग्दर्शक म्हणून पाटीवर माझं नाव पहिल्यांदाच एकट्याचं आलं होतं, त्यामुळे मी जरा तरंगतच होतो. गोष्ट एका घराची. कर्ता म्हातारा मेलेला, पण घरातलं कुणी त्याच्या धाकातून सुटलेलं नाही. म्हातारा सिनेमाभर फक्त भिंतीवरच्या फोटोत दिसतो. मी त्या भिंतीवर जीव ओवाळून टाकला होता. खरंच राहत्या घराची भिंत होती ती. मी तिला चहाचं पाणी दिलं, काजळी दिली, माणसं टेकून बसतात तिथे तेलकट पट्टा दिला. फोटोमागे एक फिकट चौकोन रंगवला, कारण वर्षानुवर्षं फोटो टांगलेला असला की मागची भिंत कोरी राहते. कोणाच्या घरी गेलो की मी आधी भिंती बघतो, मग माणसं. बायको म्हणते, मुलगी बघायला आला होतास तेव्हाही तू आमच्या पोपड्यांकडेच बघत होतास.

भिंत झाली, पण भिंतीवर लावायला माणूस सापडेना. जळगावच्या एका स्टुडिओतून कुणी न नेलेले जुने फोटो आणले. दिग्दर्शक एकेक बघून बाजूला ठेवायचा. "हा माणूस घराकडे बघत नाहीये. कॅमेऱ्याकडे बघतोय," म्हणायचा.

हे मी घरी देवपूरला येऊन सांगितलं आणि तिथेच सगळं सुरू झालं. नाना, म्हणजे माझे वडील, एस.टी.चे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी फेटा बांधून काढलेला त्यांचा एक मोठा फोटो आमच्या पुढच्या खोलीत होता. फेट्याखालचे डोळे सरळ समोर, रस्त्यावर ठेवल्यासारखे. तसल्याच नजरेखालून लहानपणी आम्ही भावंडं परीक्षेचे निकाल घेऊन गेलेलो. नानांनी मान वर केली, आपल्याच फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग हा काय वाईट आहे? घेऊन जा. तेवढंच सिनेमात काम होईल माझं."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "जित्ता मानूसना फोटोले हार? तुमले काय येड लागनं का?"

"अगं, जन्मभर गाडी चालवली," नाना म्हणाले. "सातपुड्यात कितीदा मरण समोरून आलं आणि डिपर मारून गेलं. आता झेंडूच्या फुलांना घाबरू?"

नाना एकदा बोलले की वळण नसायचं. त्यांनी स्वतःच फोटो उतरवला, पंच्याने काच पुसली आणि माझ्या हातात दिला. खिळ्याखाली फिकट चौकोन उघडा पडला. माझ्या सेटवरच्यापेक्षा तो कितीतरी चांगला होता, कडा नेमक्या कुठे धूसर व्हाव्यात ते मला त्या दिवशी कळलं. मायने संध्याकाळच्या आत तिथे एक कॅलेंडर लावून टाकलं. तिच्याकडे बघून मी म्हणालो, अखाजीच्या आत परत आणतो. 

आमच्या सेटचे सुतार होते धुळ्याचेच रशीदभाई. नाटकवाल्यांकडे आयुष्य काढलेले. धंद्याच्या काही गोष्टी त्यांनी मला शिकवल्या त्या कुठल्याही शाळेत नव्हत्या. "भाऊ, नकली तिरडी बांधायची तर एक गाठ सुटी ठेवायची," ते म्हणायचे. "पुरी बांधली की तिला माणूस लागतो." नानांचा फोटो लावताना त्यांनी भिंतीत दोन खिळे ठोकले. एकावर फोटो, आणि बोटभर वर दुसरा, त्यावर हार. हार फोटोला स्पर्श करत नव्हता. कॅमेऱ्यातून बघितलं तर काही कळत नव्हतं. "अब ठीक है. हार दीवार का है, नाना का नहीं." मी घरी जाऊन मायला हे अगदी रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "घागरना सीन शे का सिनेमामां?"

होता. तोच तर मोठा सीन होता. म्हाताऱ्याची बायको नवऱ्याच्या नावाची पहिली घागर भरते, आणि घरातली सगळी माणसं श्वास रोखून बघतात. मी मायला सांगितलं, आहे, पण त्यात काय, पाणी भरायचं आणि ठेवायचं.

शूटिंग लांबलं. वारा. रोज दुपारी वावटळ उठायची, अंगणातून गोल फिरत यायची आणि आमच्या दाराशी येऊन बसकण मारायची. दिवे पडायचे, चहात माती जायची. घराची मालकीण अक्का, एकटी विधवा बाई, ओट्यावर बसून सगळ्याची मजा बघायची. तिने आम्हाला घर दिलं होतं आणि स्वतः मागच्या पडवीत राहायला गेली होती. येता-जाता ती नानांच्या फोटोसमोर पदर सावरायची. मी म्हणायचो, अक्का, तुमच्याच घरात तुम्हाला कसली लाज? ती म्हणायची, "मोठा मानूस शे. नजर देख कशी शे."

घागरीचा सीन मागे पडत पडत अखाजीच्या आदल्या दिवसावर आला. सकाळी लवकर कॅमेरा लागला. मुंबईहून आलेल्या नटीला सगळं सांगून झालं, पण जवळून हात घ्यायची वेळ आली तेव्हा दिग्दर्शक वैतागला. त्या हातांनी कधी घागर उचलली नव्हती, ते लगेच दिसत होतं. त्याचं लक्ष ओट्याकडे गेलं. अक्काचे हात कोरडे, काळे, बांगड्या नसलेले. "फक्त हात पाहिजेत," तो म्हणाला. अक्का तयार झाली, हात धुऊन आली.

मी त्या वेळी बाहेर खिडकीवर घोंगडी बांधून उजेड अडवत होतो. आत काय बोलणं झालं ते मला रशीदभाईंनी नंतर सांगितलं. अक्काने विचारलं, "कोना नावनी घागर शे?" रशीदभाईंनी सिनेमातल्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. अक्का म्हणाली, "तो ते सिनेमाना. जो मानूसच नही, त्याना नावनं पानी कोन पीई?" तिला खोटी घागर भरता येईना. खोटी भरायची कशी हे तिला ठाऊकच नव्हतं. मग तिने फोटोकडे बोट केलं, "ह्या कोन शेतस?" आणि रशीदभाई हातातला दिवा सांभाळत बोलून गेले, "ये? ये तो लोटननाना."

मी आत आलो तेव्हा कॅमेरा सुरू होता. घागरीच्या अंगावर ओल हवी होती म्हणून मी ओलं फडकं घेऊन चौकटीबाहेर उकिडवा बसलो. अक्काने पाणी ओतलं. धार सावकाश, न तुटता पडत होती, ते पुढे सगळ्यांना फार आवडलं. घागर काठोकाठ भरली, तिने वर छोटं मडकं ठेवलं, आंबा ठेवला, आणि ओठातल्या ओठात, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, म्हणाली, "लोटननाना, ऊन भलतं शे. या, पानी ल्या."

कट झाला. दिग्दर्शक खूश. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र तिथेच बसून होतो. "अक्का," मी म्हणालो, "ते माझे वडील आहेत. धुळ्याला आहेत. ठणठणीत."

"जित्ता शेतस?"

मी होकाराची मान हलवली. अक्का ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुन्हा, जणू काही लागलं होतं. "तुम्ही लोके काय करतस रे हाई," ती म्हणाली. "मी बलाई लिधं त्यासले. सकाय अखाजी शे. बठ्ठा येतीन आपापली घागरवर. मंग त्या बी येतीन."

उद्या सगळ्या मेलेल्यांबरोबर नानाही! मी हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही. माझ्या मानेवर भिंतीवरची नजर होती.

थोड्या वेळाने तिनेच वाट सांगितली. ही घागर उद्या उजाडायच्या आत नानांना पाजायची. जिवंतपणी, त्यांच्या तोंडाने. "मंग ती तहानेल मानूसनी घागर. मरेल मानूसनी नही." आणि वाटेत कुठेही ती जमिनीवर टेकवायची नाही. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. उद्या याच घागरीचे आणखी शॉट होते, कंटिन्युइटीचं काय? रशीदभाईंनी त्याला बाजूला घेतलं. घागरीवरचे डाग, काठावरचा टवका, सगळं एका नजरेत बघून ते मला म्हणाले, "मैं वैसीच बनाता हूँ. भाऊ, आप निकलो."

जीपमध्ये मांडीवर घागर घेऊन मी धुळ्याला निघालो. त्या रस्त्याचं मला आज काही आठवत नाही आणि सगळं आठवतं. डांबर पातळ झालं होतं. लिंबाखाली गुरं उभी होती, माना खाली. नवी घागर झिरपत होती, माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि त्या उकाड्यात ती ओल बरी वाटायला हवी होती, पण मला एकच दिसत होतं, पाणी कमी होतंय. रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी संपता संपेना. ड्रायव्हर म्हणाला, भाऊ, खाली ठेवा ना जरा, हात भरून येतील. मी त्याच्यावर असा खेकसलो की पुढे देवपूरपर्यंत तो बोलला नाही. आपण सुशिक्षित माणूस आहोत, हे सगळं खूळ आहे, असं मी मनात घोकत होतो. घोकत होतो आणि घागर आणखी घट्ट धरत होतो.

घरी माय दारातच उभी होती. माझ्या हातातली घागर तिने बघितली आणि तिला काही सांगावं लागलं नाही. "त्या नही शेतस," ती म्हणाली. "घागरी लेवाले गयात. सायकलवर. कवळना गयात."

उद्याच्या अखाजीसाठी, स्वतःच्या आईवडिलांच्या नावाने भरायला, नाना पांझरा नदीपलीकडे घागरी आणायला गेले होते. त्या उन्हात. केव्हाचे गेले होते.

मी पुलाकडे धावलो. धावलो म्हणजे, भरलेली घागर छातीशी धरून माणूस जेवढा धावेल तेवढा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नदी कोरडी, नुसते दगड, आणि दगडांवरून हवा थरथरत होती. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा खाली, कमानीच्या सावलीत, सायकल आडवी पडलेली दिसली. तिच्याशेजारी दोन कोऱ्या घागरी. आणि त्यांच्यामध्ये, खांबाला टेकून, नाना.

मी काठावरून पात्रात उतरलो. त्यांची टोपी पडली होती. तोंडाचा रंग विस्तव विझल्यावर राखेला असतो तसा. घाम नव्हता, अंगाला हात लावला तर चटका बसला. डोळे उघडे होते आणि सरळ समोर बघत होते, फोटोतल्यासारखे. "नाना," मी हाक मारली. दोनदा मारली. मग ओठ हलले.

"पाणी आणलंस?" ते म्हणाले. "मघाशी एक बाई हाक मारत होती. पाणी प्या म्हणत होती. कुठे दिसेना."

मी घागर टेकवली नाही. गुडघ्यावर बसलो, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तशीच घागर कलती केली. पाणी त्यांच्या हनुवटीवरून, मानेवरून, सदऱ्यात गेलं. थोडं तोंडात गेलं. घशाची गाठ हलली. मी रडत होतो आणि मला त्याचं भान नव्हतं. अर्धी घागर संपली तेव्हा नानांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि या वेळी ते माझ्याकडे बघत होते. "सिनेमा सोडून इथे काय करतोयस?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. बस, एवढंच. त्या घागरीने नानांना पुलाखाली नेऊन बसवलं की पुलाखालून उठवून आणलं, यावर मी इतकी वर्षं विचार करतोय. एखाद्या वर्षी पहिलं पटतं, एखाद्या वर्षी दुसरं. फोटो रशीदभाईंनी शूटिंग संपल्यावर कापडात गुंडाळून आणून दिला. मायने तो भिंतीला लावू दिला नाही, धान्याच्या कोठीमागे उलटा करून ठेवला.

सिनेमा पुढे गाजला. मला पुरस्कार मिळाला, आणि लोक त्या भिंतीबद्दल बोलले, फिकट चौकोनाबद्दल बोलले, अक्काच्या हातांबद्दल बोलले. मी थेटरात बसलो की माझे डोळे घागरीवर असायचे. पहिल्या शॉटात खरी, पुढच्या सगळ्यांत रशीदभाईंची. कुणालाही कळलं नाही. नंतर कितीतरी सिनेमांत मी मेलेली माणसं भिंतीवर लावली, पण ती सगळी मीच रंगवलेली, कुणाचीच नसलेली तोंडं. तरी डोळे रंगवताना ब्रश आपोआप तिकडेच जातो. ते डोळे रस्त्यावर ठेवल्यासारखे होतात, आणि मी ते पुसून खाली बघायला लावतो.

घरात मात्र एक रीत पडून गेली. दर अखाजीला मी जिथे असेन तिथून देवपूरला यायचो. माय आजोबा-आजीच्या घागरी भरायची आणि शेजारी एक तिसरी भरायची, नाव न घेता. तिच्यातला पहिला पेला नानांनी प्यायचा, बाकी कुणी पाण्याला हात लावायच्या आधी. नाना त्याचीही थट्टा करायचे. पेला उंच धरून म्हणायचे, "पितरहो, थांबा जरा, माझी गाडी लेट आहे." माय हसायची नाही. पेला रिकामा झालेला बघितल्यावरच तिच्या खांद्यांतला ताण जायचा.

गेल्या थंडीत नाना गेले. पहाटे, झोपेत, काही त्रास न होता. दिवस झाल्यावर मायने कोठीमागचा फोटो काढून आणला. मी तो जुन्या जागी लावायला घेतला. कॅलेंडरांच्या मागे चौकोन अजून होता, थोडा मळलेला. एक खिळा ठोकला, आणि सवयीने बोटभर वर दुसरा खिळा धरून हातोडी उचलली.

"ऱ्हाऊ दे," माय मागून म्हणाली. "आते एकच पुरे."

मी हातोडी खाली ठेवली आणि हार फोटोला घातला.

आज अखाजी. सकाळी मायने नानांची घागर भरली. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, कधी घेतलं नाही, म्हणून नाव मी घेतलं.  लोटननाना, ऊन भलतं शे, या, पानी ल्या. ते शब्द मला दुसरे सुचलेच नाहीत. बाहेर वारा सुरू झाला होता, दार आपटत होतं. आगारीचा धूर घरात कोंडला. मग माझं लक्ष गेलं की मायने नानांच्या घागरीपलीकडे, चुलीच्या बाजूला, आणखी एक भरून ठेवली आहे.

"ही कोणाची?" मी विचारलं.

तिने भिंतीवरच्या नानांकडे एकदा बघितलं, वाकली, त्या घागरीतून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला.  थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं.

"घरमां आते मोठा तू," ती म्हणाली. "पी ले. त्या येवाना आगोदर."

मी पेला घेतला. पाण्याला कोऱ्या मातीचा वास होता. माय माझ्या घशाकडे बघत उभी राहिली, आणि मी बठ्ठं पाणी तळापर्यंत प्यालो.